मदत हवी आहे : वायुदाबमापक ९३८ वर अडकलाय, ॲपवर १००६. सेन्सर खराब की कोड?

बागायतदार_७
दोन दिवस याच्यातच गेलेत, म्हणून थेट विचारतो. शेडवर स्वतः बांधलेलं हवामान केंद्र लावलंय. नोडएमसीयू (वायफायवाला छोटा बोर्ड) आणि दाब, तापमान, आर्द्रता असं तिन्ही मोजणारा सेन्सर. दाब येतो ९३८.३ हेक्टोपास्कल. अंदाजाच्या ॲपवर मात्र १००६. सरळ ६८ चा फरक! सेन्सर बदलून दुसरा लावला, तोही ९३८ च्या आसपासच दाखवतो. १९९९ च्या ओडिशाच्या महाचक्रीवादळात केंद्राचा दाब ९१२ पर्यंत गेला होता असं वाचलंय, मग ९३८ म्हणजे काय समजायचं? इथे तर पान हलत नाहीये. आर्द्रताही सतत शून्य. तिसरा सेन्सर मागवू का कोडमध्ये काही बदलू? आजच उत्तर हवंय, फवारणीचं नियोजन यावर करायचंय.

सर्किट_मास्तर
आधी आर्द्रतेचं बघा, ते सोपं आहे. तुमच्याकडे बीएमई२८० नसून बीएमपी२८० आला असणार. दोन्ही पट्ट्या दिसायला जवळपास सारख्या, आणि बीएमपीत आर्द्रतेचा भागच नसतो. चिप आयडी वाचा. ५८ आला तर बीएमपी, ६० आला तर बीएमई (दोन्ही आकडे षोडशमान पद्धतीतले). बोर्ड सेन्सरला ज्या क्रमांकाने ओळखतो तो पत्ता ७६ किंवा ७७ असेल, तोही षोडशमानच. सेन्सरला ३.३ व्होल्टच द्या. पट्टीवर रेग्युलेटर नसेल आणि ५ व्होल्ट दिले तर चिप जाते. दाबासाठी लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) बदलून पाहा, चिपमध्ये साठवलेले कॅलिब्रेशनचे, म्हणजे दुरुस्तीचे गुणांक नीट वाचले जात नसतील.

भूगोलवेडी
गुणांक चुकले असते तर आकडा ९३८ सारखा सुसंगत आला नसता, काहीतरी भलतंच आलं असतं. दोन वेगवेगळे सेन्सर एकच आकडा देतायत, म्हणजे दोन्ही बरोबर आहेत. या चिपची अचूकता साधारण १ हेक्टोपास्कलची असते, ६८ ची चूक तिच्याकडून होणार नाही. बागायतदार दादा, तुम्ही गाव सांगितलं नाही, समुद्रसपाटीपासूनची उंची सांगितली नाही, ९३८.३ किती वाजताचा तेही नाही. तेवढं सांगा.

बागायतदार_७
दिंडोरी तालुका, नाशिक. नोंद सकाळी साडेआठची, तेव्हा तापमान २६. फोनच्या जीपीएस ॲपवर उंची ५५७ मीटर. पण उंचीचा इथे काय संबंध? मला दाब हवाय. आणि हो, आयडी ५८ आला, म्हणजे विकणाऱ्याने बीएमईच्या नावाखाली बीएमपी दिलाय. त्याचं नंतर बघतो.

भूगोलवेडी
संबंध उंचीचाच आहे. दाब म्हणजे तुमच्या डोक्यावर जेवढी हवा उरली आहे तिचं वजन. मुंबईच्या किनाऱ्यावरून घाट चढून दिंडोरीला आलात की पाचसहाशे मीटर जाडीचा हवेचा थर तुमच्या खाली राहतो. त्याचं वजन सेन्सरवर पडतच नाही. किनाऱ्याजवळ दर ८.५ ते ९ मीटर चढाला १ हेक्टोपास्कल कमी होतो, तुमच्या उंचीवर दर ९ ते ९.५ मीटरला. ॲपवरचा १००६ हा समुद्रसपाटीवर आणलेला दाब आहे. मुंबई, नाशिक आणि महाबळेश्वरचे कच्चे आकडे एकाच नकाशावर मांडले तर सगळे घाटमाथे कमी दाबाचे पट्टे दिसतील, म्हणून सगळ्यांना एका पातळीवर आणतात. तुमचा ९३८ हा खराखुरा, त्या जागेचा दाब आहे. ओडिशाचा ९१२ समुद्रसपाटीवरचा होता. या दोन आकड्यांची तुलना होत नाही.

कोकणवारा
मग एवढी डोकेफोड कशाला? कोडमध्ये ६८ मिळवा आणि मोकळे व्हा. जागा बदलणार नसेल तर फरकही बदलणार नाही.

हवापाणी
फरक बदलतो, कोकणवारा. हवा थंड असली की दाट होते आणि त्याच सहाशे मीटरच्या थराचं वजन वाढतं. ६२० मीटर उंचीचं उदाहरण घ्या. डिसेंबरात पहाटे १० अंशाला साधारण ७२ मिळवावे लागतील, मे महिन्यात दुपारी ४० अंशाला ६५ च. पक्का ६८ मिळवलात तर दोन ऋतूंमध्ये मिळून सात-साडेसातची खोटी चढउतार दिसेल. आपल्याकडे कमी दाबाचं क्षेत्र म्हणून ज्याची बातमी होते त्याचा फरकही कित्येकदा यापेक्षा कमी असतो.

सूत्र असं :
समुद्रसपाटीचा दाब = मोजलेला दाब × ई^( उंची ÷ (२९.२७ × थराचं तापमान) )
ई म्हणजे २.७१८२८, उंची मीटरमध्ये, तापमान केल्विनमध्ये (सेल्सिअस अधिक २७३). थराचं तापमान म्हणजे तुमच्या अंगणापासून खाली समुद्रसपाटीपर्यंतच्या कल्पित थराची सरासरी. खाली जाताना दर किलोमीटरला ६.५ अंश वाढतात असं धरतात, त्याच्या निम्मी वाढ घ्यायची. तुमच्यासाठी २६ मध्ये साधारण २ अंश. दमट हवा कोरडीपेक्षा हलकी, म्हणून पावसाळ्यात आणखी ३ अंश. एकूण ३१, म्हणजे ३०४ केल्विन.

एक सांभाळा. तापमान त्या क्षणाचं घालू नका, आत्ताचं आणि १२ तासांपूर्वीचं यांची सरासरी घाला. नाहीतर दिवसाची उष्णता समुद्रसपाटीच्या दाबातही दिसायला लागेल. सकाळी साडेआठचा २६ तुमच्याकडच्या पावसाळी सरासरीच्या जवळचा आहे, तेव्हा आज तोच घातला तरी चालेल.

सर्किट_मास्तर
एवढं हाताने कशाला? लायब्ररीत तयार फंक्शन आहे. उंची आणि दाब द्या, समुद्रसपाटीचा दाब मिळतो. ४४३३० आणि ५.२५५ वालं सूत्र, सगळे तेच वापरतात.

हवापाणी
त्या फंक्शनला तापमान लागतच नाही, खोट तिथेच आहे. समुद्रसपाटीवर १५ अंश अशी प्रमाण हवा त्यात गृहीत धरलेली असते. विमानाचा उंचीमापक लावायला ते योग्य, कारण तिथे सगळ्यांनी एकच गृहीतक वापरायचं असतं. आपल्याकडच्या उष्ण हवेत त्याने दाब जास्त निघतो. ६२० मीटरवर ९३८.३ असेल तर ते फंक्शन १०१०.४ देईल आणि वरचं सूत्र १००६.०. सव्वाचार-साडेचारचा फरक, तोही सेन्सरची काही चूक नसताना.

बागायतदार_७
हवापाणी सर, तुमचं सूत्र घातलं. ५५७ मीटर, ३०४ केल्विन. उत्तर ९९८.९! अजून सात कमी. म्हणजे सेन्सर खराबच ना?

हवापाणी
नाही. सात हेक्टोपास्कल म्हणजे साठ-पासष्ट मीटर. उंचीच चुकलेली आहे. ॲप कच्ची जीपीएस उंची दाखवतंय का ते बघा. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलापासून, खऱ्या समुद्रसपाटीपासून नाही. भारताच्या दक्षिणेला समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली शंभर मीटरहून जास्त खोल जाते, आणि आपल्या महाराष्ट्रातही ती साठेक मीटर खालीच आहे. ॲपने दुरुस्ती केली नसेल तर उंची तेवढी कमी दिसणार. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरच्या समोच्चरेषा बघा. किंवा जवळच्या रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उभं राहून फोन किती दाखवतो ते पाहा. जो फरक येईल तोच अंगणातल्या आकड्याला लावा.

रानमाळ
विषय दाबाचा आहे म्हणून सांगतो, विहिरीवाल्यांना हे फार कामाचं. समुद्रकाठी हवेचा दाब १०.३ मीटर पाण्याचा स्तंभ पेलतो, ९३८ ला साधारण ९.६ च. त्यातून पाइपचं घर्षण, फूटव्हॉल्व्ह आणि पाण्याची वाफ वजा जाते. म्हणून पाणी पंपाच्या खाली सहा-सात मीटरपेक्षा खोल गेलं की वरचा पंप ओढत नाही, हॉर्सपॉवर कितीही वाढवा. पंपच खाली उतरवायचा किंवा पाणबुडी मोटर टाकायची.

कोकणवारा
हे कोणी विचारलं नव्हतं, पण पटलं. बागायतदार दादा, तापमानही एकदा तपासून घ्या. बर्फाच्या पाण्यात ० आणि उकळत्या पाण्यात १००, दोन टोकं बघितली की झालं.

भूगोलवेडी
बर्फाचं टोक ठीक आहे. बर्फ बारीक कुटून त्यात थोडंच पाणी घालायचं, सेन्सर पिशवीत गुंडाळून पाच मिनिटं ठेवायचा. उकळत्या पाण्याचं टोक मात्र दिंडोरीत १०० नसतं. ९३८ दाबाला पाणी ९७.९ च्या आसपास उकळतं. तिथे १०० धरून दुरुस्ती केली तर दोन अंशांची चूक कायमची बसेल. शिवाय ही चिप ८५ अंशांपर्यंतचीच आहे, उकळत्या पाण्यात घालायची वस्तूच नव्हे.

बागायतदार_७
स्टेशनवर जाऊन आलो. फोन पाटीपेक्षा ६३ मीटर कमी दाखवत होता. म्हणजे अंगण ६२० मीटर. आता साडेआठच्या नोंदीचं उत्तर १००६.०!! बरोब्बर जुळलं. पण नवीन भानगड आहे. दुपारी बारा-एकला कच्चा दाब ९४६ पर्यंत चढतो आणि संध्याकाळी परत उतरतो. तापमानही दुपारी ४१ दाखवतं, बाकी सगळीकडे ३० आहे. याला कोणतं सूत्र?

हवापाणी
याला सूत्र नाही. दुपारी दाब उतरायला हवा, तुमचा चढतोय. डबा कसला आहे, कुठे लावलाय, भोकं किती?

बागायतदार_७
डबा प्लास्टिकचा, विजेच्या जोडणीचा असतो तो. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून सगळ्या फटी सिलिकॉनने बंद केल्यात. शेडच्या पत्र्यावर स्क्रूने बसवलाय. बोर्ड आणि सेन्सर दोन्ही त्यातच.

हवापाणी
मग सापडलं. बंद डब्यातली हवा तापली की तिला बाहेर जायला वाट नाही. पूर्ण सीलबंद डब्यात दर अंशाला ३ हेक्टोपास्कलपेक्षा थोडा जास्त दाब वाढतो. तुमचा थोडा गळतोय म्हणून आठवरच थांबला. तळाला, पाऊस लागणार नाही अशा बाजूला ४-५ मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि मुंग्या जाऊ नयेत म्हणून आतून बारीक जाळी चिकटवा.

सर्किट_मास्तर
आणि सेन्सर त्या डब्यातून बाहेर काढा. वायफाय सुरू असताना बोर्ड स्वतःच गरम होतो, शेजारचा सेन्सर दोन-तीन अंश सहज जास्त दाखवतो. चार तारा अर्धा-पाऊण मीटर बाहेर आणा, त्याहून लांब नेल्या तर या जोडणीत आकडे तुटायला लागतात. डबा शेडखाली सावलीत.

भूगोलवेडी
पत्रा तर सोडाच. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या लाकडी, दुहेरी झडपांच्या पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, खाली गवत, आणि दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेताना ऊन आत पडत नाही. घरी करायला कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सात-आठ ताटल्या घ्या, १५ सेंटिमीटरच्या. सगळ्या पालथ्या. वरच्या दोन अखंड ठेवा, मधल्या ताटल्यांना मध्यभागी ७-८ सेंटिमीटरचं भोक पाडा, सर्वांत खालची पुन्हा अखंड, जमिनीचं ऊन परतून आत येऊ नये म्हणून. तीन आटे पाडलेल्या सळ्या आणि दोन ताटल्यांत दीड-दोन सेंटिमीटरचे पाइपाचे तुकडे. सेन्सर मधल्या पोकळीत टांगायचा, ताटलीला टेकता कामा नये. ताटल्या काळ्या किंवा विटकरी घेऊ नका, मग सगळी मेहनत वाया.

या ४१ चा परिणाम दाबावरही होतो. सूत्रात १० अंश जास्त गेले की समुद्रसपाटीचा दाब सव्वादोनने कमी निघतो.

रानमाळ
दादा, तुम्हाला नेमकं काय हवंय? दाब पडला की पाऊस येणार, असं धरून फवारणी ठरवणार आहात का?

बागायतदार_७
हो, तेच. सकाळी दहा ते चार दाब तीनने पडला की अलार्म वाजेल असं कोडमध्ये घातलंय.

हवापाणी
तो अलार्म काढा, नाहीतर रोज वाजेल. आपल्याकडे दाबाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी असते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास खाली. सूर्याच्या उष्णतेने सगळं वातावरण तालात हलतं, आणि विषुववृत्ताच्या जितकं जवळ तितकं जोरात. महाराष्ट्रात हा फरक अडीच ते चार हेक्टोपास्कलचा भरतो. म्हणजे निरभ्र दिवशीही दहा ते चार दाब तीनने पडणारच. युरोपच्या थंड प्रदेशासाठी लिहिलेले नियम इथे लावले की हीच फसगत होते.

तुलना कालच्या त्याच वेळेशी करा. आज साडेआठ वजा काल साडेआठ, आज साडेपाच वजा काल साडेपाच. हवामान खातंही २४ तासांतला बदल पाहतं. २-३ ने सलग दोन दिवस घट दिसली तर समुद्रातून काही सरकतंय का ते खात्याच्या नकाशावर बघा. पण दुपारी उठणारा वळीव एका दाबमापकावर आधी कळत नाही. त्या ढगाचा घेर काही किलोमीटरचा असतो आणि त्याचा थंड वारा अंगणात आला की दाब उलट एक-दोनने झटक्यात चढतो. तेव्हा तुमच्या हातात मिनिटंच उरलेली असतात.

भूगोलवेडी
केवड्यासाठी (द्राक्षवेलीवरचा बुरशीसारखा रोग) फवारणी ठरवायची असेल तर दाबापेक्षा पान किती तास ओलं राहतं ते महत्त्वाचं, आणि त्यासाठी आर्द्रता हवी. म्हणून तो बीएमपी बदलून बीएमई घ्याच. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतून दव धरायला लागतं ते) यांतला फरक बघायचा. ढोबळ हिशेब असा : १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, ते तापमानातून वजा करा. २६ अंश आणि ८५ टक्के असेल तर दवबिंदू २३. रात्री हा फरक दीड-दोन अंशांवर आला आणि आभाळ निरभ्र, वारा पडलेला असेल तर पानावर दव धरलंच समजा, कारण पान हवेपेक्षाही थंड होतं. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली असेल तर हा हिशेब वापरू नका, चुकतो.

कोकणवारा
६८ वाला सल्ला मागे घेतो. ऋतूचा फरक माझ्या लक्षात आला नव्हता, किनाऱ्यावर मिळवायला मुळात काहीच नसतं.

बागायतदार_७
अलार्म काढला. डब्याला तळाला दोन भोकं पाडली, सेन्सर बाहेर काढून तात्पुरता शेडच्या उत्तरेच्या सावलीत टांगलाय, ताटल्या उद्या आणतो. आज दुपारी दोनला तापमान ३०.४, कच्चा दाब ९३६.१, म्हणजे आता उतरतोय. बीएमई आला की दवबिंदूचे आकडे इथेच टाकतो. भूगोलवेडी ताई, ताटल्यांची पेटी बांधाला लावू की वेलींच्या मांडवात?

भूगोलवेडी
दोन्हीकडे वेगळं मोजलं जाईल. गावाच्या हवेशी तुलना करायची तर बांधावर, मोकळ्यात. केवड्यासाठी मांडवात, घडांच्या उंचीला, कारण आतली हवा बाहेरपेक्षा जास्त दमट असते आणि पानं तीच झेलतात. सेन्सर एकच असेल तर मांडवात लावा. दाबाला दोन्ही जागा सारख्याच, फक्त नवी जागा दोन-तीन मीटर खाली-वर असेल तर कोडमधली उंची तेवढी बदला.