मदत हवी आहे: जुनी फिशिंग बोट, काळा चिकट कार्ब्युरेटर आणि "मशीनच बदला" म्हणणारा मेकॅनिक

नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलंय म्हणून तोंड उघडतोय, सांभाळून घ्या. लांबलचक लिहिलंय कारण नंतर "हे आधी का नाही सांगितलं" असं नको.

गेल्या वर्षी एक जुनी स्पोर्टफिशिंग बोट घेतली. १९७४ ची, ३० फुटी, फायबरग्लासची डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची). वर फ्लायब्रिज (छतावरची बोट चालवायची जागा), मागे मोठं मोकळं कॉकपिट, त्याच्या मधोमध फायटिंग चेअर (मोठ्या माशाशी झुंजताना बसायची पक्की खुर्ची), दोन्ही बाजूंना आउटरिगर (दोऱ्या बोटीपासून लांब धरणारे दांडे) आणि आत दोन पेट्रोल व्ही-८. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा त्यावरच भरकटेल. बायको हिला "पांढरा हत्ती" म्हणते आणि रंगापुरतं तरी ते खरंय.

आतापर्यंत काय केलं: तळ घासून नवा अँटीफाउलिंग रंग, दोन्ही शाफ्टचे कटलस बेअरिंग, स्टफिंग बॉक्सचं पॅकिंग, सगळे सीकॉक, म्हणजे तळातल्या पाण्याच्या वाटा बंद करणारे नळ (एकाचा दांडा तर हातातच आला, तोही बोट पाण्यात असताना, त्या पाच मिनिटांबद्दल पुन्हा कधीतरी), दोन्ही मशीनचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रायझर नवे कारण जुने आतून गंजून पापुद्रे सुटत होते, इंपेलर, बिल्ज ब्लोअर (बोटीच्या तळाच्या पोकळीतली, म्हणजे बिल्जमधली, वाफ बाहेर फेकणारा पंखा) आणि त्याचा फाटका पाइप.

मग तीनदा समुद्रात गेलो. पहिल्या दोन फेऱ्या म्हणजे स्वर्ग. पहाटे निघालो, पाणी रंग बदलतं तिथे पोचल्यावर वेग ७ नॉटवर आणला, दोन दोऱ्या आउटरिगरवर, दोन मागे, आणि वर फ्लायब्रिजवर मी चारी बाजूंना बघत बसलोय. तासभर काही नाही. मग उजव्या बाजूची क्लिप सुटल्याचा टक् आणि लगेच रीलचा कर्रर्र, माझ्या हातून मशीन न्यूट्रलला टाकायचं राहिलं, भाचा खालून ओरडतोय "मामा थांबव, थांबव". माही-माही मासा आला, हिरवा-पिवळा, डेकवर घेतल्यावर डोळ्यादेखत रंग उतरत गेला. तेव्हा वाटलं सगळी मेहनत वसूल.

तिसऱ्या फेरीत दोन-अडीच तासांनी उजवं मशीन फडफडायला लागलं, २८०० च्या वर आरपीएम जाईना, आयडलला थरथर. कसंबसं परत आलो. तेव्हापासून हे चाललंय:

१० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर तीनदा बदलला. आत पाणी नाही, पण कागद काळपट आणि चिकट.
कार्ब्युरेटर खोलला तर गळ्यात डांबरासारखा काळा थर. साफ केला, किट टाकलं, आठ-दहा तास चालवल्यावर पुन्हा तेच. दोनदा झालं.
कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं, सात सिलिंडर १४० च्या आसपास आणि एक ५५.
आता डावंही तसंच करायला लागलंय.

मेकॅनिक म्हणतो मशीनं म्हातारी झाली, दोन्ही काढा, डिझेल टाका. खर्चाचा आकडा ऐकून मी खालीच बसलो. शिवाय कॉकपिटचा डेक फायटिंग चेअरच्या भोवती पायाखाली दबतो, ठोकलं की बाकी ठिकाणी टण् वाजतं तिथे थप् वाजतं. हेही आत्ता करू की मशीनचं झाल्यावर?

आणि एक उपप्रश्न, बोट थांबवून ड्रिफ्ट करताना फार लोळते. सगळ्यांना मळमळ. काही बिघाड असेल का?

जाणकारांनी कृपया सांगा. मशीन काढायला पुढच्या आठवड्यात क्रेन सांगितलीय.
(हौशी नाखवा)

गाळणी: क्रेन रद्द करा. टाकी कशाची आहे?

हौशी नाखवा: अ‍ॅल्युमिनियमचीच असणार ना? घेताना सर्व्हे केला होता, त्यात "इंधन टाकी कॉकपिटखाली, तपासता आली नाही" एवढंच लिहिलंय. मी स्वतः कधी बघितली नाही, वर डेक आहे.

गाळणी: "असणार ना" वर तुम्ही दोन मशीनं फेकायला निघालाय नाखवा. त्या काळात बऱ्याच चांगल्या बोटींमध्ये टाक्याही फायबरग्लासच्याच बनवायचे, आणि तेव्हाच्या पेट्रोलसाठी त्या उत्तमच होत्या, गंज नाही काही नाही. गोची नंतर झाली. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं आणि इथेनॉल त्या जुन्या पॉलिएस्टर रेझिनला हळूहळू विरघळवतं. विरघळलेलं रेझिन फिल्टरमधून आरामात पार होतं कारण ते कचरा नाहीच, पेट्रोलमध्ये मुरलेलं असतं. पुढे कार्ब्युरेटरमध्ये आणि गरम इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल उडून जातं, रेझिन मागे राहतं. हाच तुमचा डांबराचा थर. व्हॉल्व्हच्या दांड्यावर साचला की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकतो, मग ५५ कॉम्प्रेशन येणारच. जबरदस्ती चालवत राहिलात तर पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा दांडा) वाकतो. दोन्ही मशीनला एकाच टाकीतून पेट्रोल जातंय, म्हणून पाठोपाठ दोन्ही आजारी. म्हातारपण असं जोडीनं येत नाही.

साधी चाचणी: टाकीतलं थोडं पेट्रोल एका स्वच्छ स्टीलच्या ताटलीत, पंपावरचं ताजं दुसऱ्या ताटलीत, उघड्यावर, बोटीपासून आणि विस्तवापासून लांब, आणि दोन्ही उडून जाऊ द्या. मग ताटल्यांवर हाताचं बोट फिरवून बघा. शंभर टक्के पुरावा नाही, शिळं पेट्रोलही थोडा चिकटा सोडतं, पण दिशा कळेल. तोवर मशीन चालू करू नका.

उंटावरचा शहाणा: मला तर मेकॅनिकचं पटतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बिल्जमध्ये जाऊन बसते, एक ठिणगी आणि खेळ खल्लास. डिझेल टाका, मैलामागे इंधन कमी, रेंज जास्त. आणि डिझेलमध्ये इथेनॉल नसतं, म्हणजे टाकीचा प्रश्नही सुटला!

तांडेल: शहाणे, डिझेल वाईट नाहीच, माझ्याकडेही डिझेलच आहे. पण नुसती मशीनं बदलून भागत नाही, त्याच ताकदीची डिझेलं पेट्रोलपेक्षा वजनाला जड, त्यामुळे मशीनचा बेड मजबूत करा, टॉर्क जास्त म्हणून शाफ्ट जाड, गिअरचं रेशो वेगळं, पंखे (प्रोपेलर) वेगळे, एक्झॉस्टचा व्यास वेगळा. बोट दोन वर्षं स्टँडवर राहते. आणि टाकीचं म्हणाल तर एकदा मऊ पडलेलं रेझिन डिझेल घातल्यावर परत कडक होत नाही हो. ती टाकी गेली ती गेलीच.

वाफेची भीती खरी, पण शिस्त पाळली तर पेट्रोल मशीनंही वर्षानुवर्षं चालतात. स्टार्टच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर, त्याआधी हॅच उघडून आपल्या नाकानं वास, कार्ब्युरेटरवर फ्लेम अरेस्टर (ज्वाळा अडवणारी जाळी), आणि स्टार्टर, अल्टरनेटर मरीनचेच, इग्निशन प्रोटेक्टेड, म्हणजे ठिणगी बाहेर न सोडणारे. दिसायला सेम असतो म्हणून गाडीचा अल्टरनेटर लावणारे महाभाग मी पाहिलेत.

लोळण्याबद्दल: बिघाड नाही, तो तळाचा स्वभाव आहे. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत 'मॉपी' नावाची ३० फुटी लाकडी बोट खवळलेल्या समुद्रात पहिली आली, रेमंड हंटचं डिझाइन, डिक बर्ट्रामची बोट, आणि त्यावरूनच पुढे फायबरग्लासची ३१ फुटी निघाली. तिथून हा डीप-व्ही सगळीकडे पसरला. तळाचा व्ही पार ट्रान्समपर्यंत (बोटीच्या मागच्या आडव्या भिंतीपर्यंत) खोल ठेवायचा, साधारण २४ अंश. त्यामुळे वेगात लाट आपटत नाही, कापली जाते. पण थांबलात की खाली टेकायला सपाट बूडच नाही, मग लोळणार. फ्लायब्रिजवर कूलर, जास्तीचे रॉड, माणसं कमी ठेवा. आणि ड्रिफ्टपेक्षा ट्रोलिंगच (चालत्या बोटीमागे गळ ओढणं) करा, ती बोट त्यासाठीच जन्मलीय.

हौशी नाखवा: ताटल्या ठेवल्या होत्या. ताज्या पेट्रोलची ताटली कोरडी ठणठणीत, फक्त एक पुसट डाग. टाकीतल्याची बघून पोटात गोळा आला, मधासारखी पिवळट साय, बोट चिकटलं आणि ओढल्यावर तार निघाली. क्रेन रद्द केलीय. गाळणी, तुमचे पाय कुठे आहेत सांगा.

आता असं वाचलं की आतून कोटिंग करून देतात, टाकी काढायलाच नको. चालेल का?

गाळणी: मी तरी करणार नाही. मऊ, पेट्रोल मुरलेल्या भिंतीवर कोटिंग धरणार कसं, आणि टाकीत आडव्या पट्ट्या असतात, बॅफल, त्यांच्या पलीकडे हात पोचत नाही. दोन वर्षांनी कोटिंगचे पापुद्रे फिल्टरमध्ये मिळतील. टाकी बाहेर काढा.

बिल्जमधला बेडूक: हौशी भाऊ, तुमचे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. टाकी काढायला कॉकपिटचा डेक कापावाच लागणार आणि तो मऊ भागही तिथेच आहे. बहुतेक त्या खुर्चीच्या बोल्टच्या भोकांतून पाणी आत शिरलंय आणि मधला प्लायवूड सडलाय. कापताना कडेपासून तीन-चार इंच जुना डेक ठेवा, म्हणजे नवीन पॅनेलला टेकायला ओठ मिळतो. आणि कापण्याआधी टाकी पूर्ण रिकामी, वाफ घालवलेली. ग्राइंडरची ठिणगी आणि अर्धी टाकी वाफ, यातून माणूस सांगायला परत येत नाही.

नवीन पॅनेलमध्ये प्रत्येक बोल्टचं भोक आधी मोठं पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीनं पूर्ण भरा, वाळल्यावर त्यात खरं भोक. मग सील फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. खुर्चीखाली नुसते वॉशर नकोत, चांगली जाड बॅकिंग प्लेट. मोठा मासा लागला की तो माणसाला नाही, अख्ख्या खुर्चीला उपटायला बघतो.

हौशी नाखवा: अपडेट देतोय, पाच आठवडे झाले.

डेक कापला. खुर्चीखालचा प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, स्क्रूड्रायव्हर न ढकलताच आत गेला. टाकी चौघांनी मिळून बाहेर काढली, ती फायबरग्लासचीच निघाली. गेज सेन्सरची प्लेट काढून आत बघितलं तर वरच्या बाजूला भिंत चकचकीत आणि पेट्रोल असायचं त्या पातळीखाली काचेचे धागे उघडे पडलेले, वातीसारखे लोंबत होते. तळाशी बोटभर काळा चिखल. भाच्यानं फोटो काढलेत, घरात जेवताना दाखवू नये असे आहेत.

उजव्या मशीनचं हेड काढलं. तीन इनटेक व्हॉल्व्ह घट्ट, त्यातल्या एकाचा पुशरॉड केळीसारखा वाकलेला. सिलिंडरच्या भिंती मात्र स्वच्छ, होनिंगच्या (घासून मुद्दाम पाडलेल्या) रेषासुद्धा दिसतायत. म्हणजे खाली काहीच झालं नव्हतं. डाव्यात एकच व्हॉल्व्ह अडकत होता. दोन्ही हेड साफ करून बसवली, नवे पुशरॉड, कार्ब्युरेटर तिसऱ्यांदा (आता तर डोळे मिटून खोलतो), पेट्रोलचे सगळे पाइप टाकून दिले आणि मशीनकडे जाणारे ए१-१५ छापाचे, भरणीचा आणि हवेचा ए२ छापाचा (हे बोटीच्या पेट्रोल-पाइपांचे दर्जे) असे नवे घेतले. बाहेरच्या छोट्या डब्यावर दोन्ही मशीनं मोकळ्या हवेत चालवून बघितली, उजव्यात आता आठही सिलिंडर १३५ ते १४५. मेकॅनिकला फोटो पाठवले, त्यानं अंगठा पाठवला, बाकी काही नाही.

नवीन टाकी ५०५२ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमची बनतेय. तांडेलकाकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे फोममध्ये गाडणार नाही, खाली प्लास्टिकच्या पट्ट्या चिकटवून वर ठेवणार, म्हणजे पाणी खाली साचून टाकीला खात बसणार नाही, चारी बाजूंनी हवा.

आता अडलंय ते इथे. डेक परत ग्लासनं कायमचा बंद करायची इच्छा नाही, पुढच्या वेळी मलाच कापावा लागेल. म्हणून मधलं पॅनेल स्क्रूनं उघडणारं, खाली गास्केट आणि पाणी वाहून जायला पन्हळ, असं करायचा विचार आहे. पण फायटिंग चेअरचा पाया बरोबर त्याच पॅनेलवर येतो, आणि उघडणाऱ्या पॅनेलवर एवढा ताण द्यायला मन धजत नाही. बेडूकराव, खुर्ची दीड फूट मागे, न कापलेल्या डेकवर सरकवली तर तिथे खाली आडवा बीम आहे, बॅकिंग प्लेट छान बसेल, पण मग ट्रान्समपर्यंत रॉड फिरवायला जागा पुरेल का? कोणी खुर्ची हलवलीय का आजवर? पुठ्ठ्याची खुर्ची कापून तिथे ठेवलीय आणि भाचा झाडूचा दांडा घेऊन बसून बघतोय, तो म्हणतो पुरते, पण तो साडेचार फुटाचा आहे.