मदत हवी आहे: रीमॅप केलेल्या डिझेलमागे ऑटोमॅटिकचा तोच क्लच पुन्हा जळतोय

नमस्कार दादांनो, गाडी जळगावची. मोठा टर्बो, रीमॅप (जास्त ताकदीसाठी इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदललेलं). मागे सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. दर ओव्हरहॉलनंतर 4-5-6 गिअरचा सामाईक क्लच पॅकच (क्लच प्लेटांचा संच) जळतो. स्टील प्लेटा निळ्या, तेल काळं, पॅनच्या चुंबकावर शाईसारखा गाळ. पंपाचा बुश शाबूत, डॉवेल पिना जागेवर, म्हणून इंजिन-गिअरबॉक्सच्या अलाइनमेंटवर संशय नाही.

पहिला संशय रीमॅपवर: ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खरा टॉर्क टीसीयूला (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला) कमी कळवत असेल, तर लाइन प्रेशर (क्लच दाबून धरणारा तेलाचा दाब) कमी राहून क्लच घसरणारच. पण मग 1 ते 4 गिअरचा क्लच कोरा कसा? त्यामुळे याच क्लचच्या तेलाच्या सर्किटमध्ये गळती वाटते: शाफ्टच्या सीलिंग रिंगा, पिस्टनचं सील, किंवा व्हॉल्व्ह बॉडीचं (तेल क्लचांकडे वळवणारा भाग) झिजलेलं बोअर. थंड असताना हवेची चाचणी (सर्किटमध्ये दाबाची हवा सोडून गळती पाहणं) पास होते. कन्नड घाट चढताना तेल 120 अंशांवर गेलं की पाचव्यात घसरण दिसते.

गरम तेलावर या सर्किटचं प्रेशर कुणी मोजलंय का? गेज कुठे लावला? आणि गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर फ्लश करून (आतून धुऊन) पुरतो की बदलायचाच? जुना गाळ त्यात अडकून राहतो, म्हणून विचारतोय.