शब्दचर्चा : 'सागर संवर्धन', 'अनुदान' आणि हॅकेथॉन

प्रश्न

किनाऱ्यावरच्या मच्छीमार सोसायट्या आणि अभियांत्रिकी महाविद्यालये यांनी मिळून भरवायच्या हॅकेथॉनला (म्हणजे ठरलेल्या एक-दोन दिवसांत गटागटाने एखाद्या प्रश्नावर तांत्रिक उपाय तयार करण्याच्या मेळाव्याला) पैसे देऊ इच्छिणाऱ्या एका संस्थेचे आवाहनपत्र मी मराठीत आणते आहे. पहिले वाक्य मी असे केले होते : 'सागर संवर्धन व शाश्वत किनारी अर्थव्यवस्था यांसाठीच्या सहयोगी तंत्रज्ञान उपक्रमांना अनुदान.' व्याकरणाची खोट त्यात नसावी. पण छपाईला देण्यापूर्वी ते रायगड जिल्ह्यातील एका सोसायटीच्या चेअरमनना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी दोनच प्रश्न विचारले : "संवर्धन कशाचं, कोळंबीचं की जिताड्याचं? आणि अनुदान किती टक्के?" म्हणजे दोन मुख्य शब्दांपैकी एकही शब्द मला अभिप्रेत असलेल्या अर्थाने त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. शिवाय 'हॅकेथॉन' तसेच ठेवावे की नाही, हेही ठरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

पहिला प्रतिसाद

चेअरमनांचे काही चुकलेले नाही. 'संवर्धन' हा शब्द 'वृध्' धातूपासून आलेला असून त्याचा गाभा वाढवणे, पोसणे हा आहे, आणि मत्स्यव्यवसायाने तो त्याच अर्थाने केव्हाच कामाला लावला आहे. मत्स्यसंवर्धन म्हणजे तळ्यात किंवा पिंजऱ्यात मासे वाढवणे आणि कोळंबी संवर्धन म्हणजे निमखाऱ्या पाण्यातली कोळंबीची शेती. 'वन्यजीव संवर्धन' म्हटल्यावर कोणी वाघ पाळायला निघत नाही, कारण जंगलात या शब्दाला प्रतिस्पर्धी अर्थ नाही. बंदरावर मात्र राखणे आणि वाढवणे हे दोन्ही अर्थ शेजारी राहतात आणि प्रसंगी भांडतातही. कांदळवने तोडून कोळंबीची तळी खोदल्याची उदाहरणे आशियाच्या अनेक किनाऱ्यांवर आहेत, म्हणजे एक संवर्धन दुसऱ्याच्या मुळावर आले. 'संरक्षण' म्हणावे तर नौदल आणि तटरक्षक दल डोळ्यांसमोर येते. मी 'समुद्राचे जतन' असे लिहीन. 'जतन' हा 'यत्न'पासून आलेला, घराघरांत रुळलेला शब्द आहे. तो कार्यालयीन वाटत नाही, हा मला त्याचा गुणच वाटतो.

दुसरा प्रतिसाद

'अनुदान' याहून अधिक अडचणीचे आहे. किनाऱ्यावर हा शब्द इंजिन, नौका, जाळी यांच्या किमतीतला सरकारने भरायचा हिस्सा या अर्थाने पक्का बसला आहे, म्हणूनच 'किती टक्के' हा प्रश्न आला. (डिझेलवरील कराची जी रक्कम मच्छीमाराला परत मिळते, तिला मात्र कोणी अनुदान म्हणत नाही, तो 'डिझेल परतावा', आणि हा शब्द किती नेमका आहे!) त्यात भर अशी की जागतिक व्यापार संघटनेने 17 जून 2022 रोजी स्वीकारलेला आणि 15 सप्टेंबर 2025 पासून अमलात आलेला करार बेकायदा मासेमारीला आणि अतिमासेमारीने खालावलेल्या साठ्यांवरील मासेमारीला मिळणाऱ्या ज्या सरकारी पैशावर बंदी घालतो, त्यालाही मराठीत 'अनुदान'च म्हणतात. समुद्र रिकामा करणारा पैसा आणि तो राखण्यासाठी दिलेला पैसा यांना एकच नाव राहिले, तर आवाहनपत्र कोणत्या बाजूचे आहे हे वाचकाला कसे कळावे?

पर्यायांतही खाचखळगे आहेत. 'प्रायोजन' म्हटले की व्यासपीठामागच्या फलकावर कोणाचे नाव किती मोठे, हा विषय सुरू होतो. 'बीजभांडवल' हा शब्द विजेत्या गटाला पुढील कामासाठी द्यायच्या रकमेला चपखल वाटतो खरा, पण महाराष्ट्रात बीजभांडवल योजना म्हणजे व्याजासह फेडायचे कर्ज, हे जिल्हा उद्योग केंद्राची पायरी चढलेला प्रत्येक जण जाणतो. 'निधी' हे पैशाच्या साठ्याचे नाव आहे, देण्याच्या क्रियेचे नव्हे. 'अर्थसाहाय्य' निर्दोष असले तरी थंड आहे. माझा कल साध्या क्रियापदाकडे आहे : 'खर्च संस्था उचलेल.' त्यापुढे जेवण, मुक्काम, प्रवास, होडीचे भाडे अशी कलमे लिहावीत. नाम शोधण्याची गरजच राहत नाही.

तिसरा प्रतिसाद

हॅकेथॉनबद्दल. हा शब्द 1999 मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे जमलेल्या ओपनबीएसडी या संगणक कार्यप्रणालीच्या प्रोग्रॅमरांच्या बैठकीपासून रूढ झाला. 'हॅक' आणि 'मॅरेथॉन' यांचा तो जोड आहे. समुद्राकडे तो फार उशिरा आला असेही नाही, कारण अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 2014 मध्ये शाश्वत मासेमारीसाठी 'फिशॅकॅथॉन' भरवले आणि फ्रान्समधील ब्रेस्ट येथे 2016 पासून 48 तासांचे 'ओशन हॅकॅथॉन' भरत आले आहे. मराठी वाचकाची अडचण एवढीच की त्याच्या लेखी 'हॅक' म्हणजे बँक खात्यावरचा दरोडा.

देशावरचे स्नेही 'इर्जिक' सुचवतील आणि त्यात तथ्य आहे : शेजारी आपापली औते घेऊन एकाच्या शेतात येतात, मजुरी घेत नाहीत, यजमान जेवण घालतो. मात्र इर्जिकीचे पीक यजमानाचेच राहते. मी मालवणकडचा असल्याने मला 'रापण' आठवते. किनाऱ्यावरून ओढायच्या त्या लांबलचक जाळ्याच्या दोरीला पन्नास हात लागतात, रापणकरांचे वाटे ठरलेले असतात आणि वाटेने जाणाऱ्या माणसानेही हात लावला तर त्याच्या पिशवीत चार मासे पडतात. दोन दिवस राबून तयार झालेले ॲप कोणाचे, हा हॅकेथॉनमधला नेहमीचा वाद रापणीने किती तरी आधी सोडवला आहे. तरीही 'तंत्ररापण' असा शब्द मी घडवणार नाही. तो वाचून आमचे रापणकरच हसतील. 'हॅकेथॉन' ठेवावे, आणि वाट्याचा नियम मात्र रापणीचा घ्यावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. आता वाक्य असे झाले आहे : 'समुद्राचे जतन आणि किनाऱ्यावरची टिकाऊ उपजीविका यांसाठी मच्छीमार व विद्यार्थी यांनी मिळून भरवलेल्या हॅकेथॉनचा खर्च संस्था उचलेल.' 'शाश्वत' काढताना हात जरा अडखळला, कारण शाश्वत विकास उद्दिष्टांमुळे तो आता पारिभाषिक झाला आहे. पण ज्याला नाश नाही ते शाश्वत, आणि उपजीविकेबद्दल एवढा दावा कोणी करू नये.

हे वाक्य चेअरमनना पुन्हा वाचून दाखवले. ते लगेच समजले, फक्त प्रश्न बदलला : "त्या दोन दिवसांत बोट बाहेर जाणार नाही, त्याची मजुरी या खर्चात धरली आहे का?" मूळ मजकुरात तसे कलम नाही. मी संस्थेला ते घालण्यास कळवले आहे, आणि न जमल्यास 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळातील तारीख सुचवली आहे.