खुब्याचा सांधा: सिरॅमिक घ्यावा की साधा? लवकर सांगा

धानपट्टा: भावाच्या उजव्या खुब्याचा बॉल सुकला आहे. डॉक्टरनं सांधा बदलायला सांगितलं आणि हातात तीन कोटेशन ठेवले. एकात धातूचा बॉल अन् प्लास्टिकची वाटी, दुसऱ्यात सिरॅमिकचा बॉल अन् प्लास्टिकची वाटी, तिसऱ्यात दोन्ही सिरॅमिक. तिसरा सगळ्यात महाग. जास्त वर्षं कोणता चालतो? सोमवारी पैसे भरायचे आहेत, रोवणीच्या आत त्याला उभं करायचं आहे. ज्यांच्या घरी बसवला आहे त्यांनी सरळ नाव सांगा.

खामगावची_ताई: वय किती? बॉल कशानं सुकला? दारू, स्टिरॉइड, पडला होता? एक्स-रेत बॉल अजून गोल आहे की दबून बसला आहे?

धानपट्टा: दारू नाही, पडलाही नाही. बॉल बसला आहे असं डॉक्टर म्हणाले. सांधा कोणता ते सांगा ना ताई.

वर्धेकर: माझ्या बाबांना सत्तरीत सिमेंटवाला, म्हणजे हाडात सिमेंटनं पक्का केलेला, बसवला, धातूचा बॉल आणि प्लास्टिकची वाटी. अजून रोज सकाळी पायी फिरतात. इंग्लंडच्या चार्नली नावाच्या सर्जननं १९६२ च्या सुमारास हीच जोडी आणली, ती अजून चालू आहे. साधाच घ्या, उरलेले पैसे शेतीला लावा.

मोर्शी_फार्मा: काका, सत्तरीतलं तरुणाला लावू नका. प्लास्टिक झिजते, त्याच्या भुकटीनं बाजूचं हाड खाल्लं जाते आणि सांधा सैल होतो. दोन्ही सिरॅमिक घ्या, झीज नावालाच.

वर्धेकर: आणि सिरॅमिक फुटलं तर? काही लोकांचा चालताना करकर वाजतो, ते नाही सांगितलं.

ओटी_टेक्निशियन: भुकटीचा त्रास मुख्यतः जुन्या प्लास्टिकचा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस क्रॉसलिंक्ड प्लास्टिक आलं, ते बरंच कमी झिजते. हे कंपनीच्या माहितीपत्रकावरून सांगत नाही. स्वीडननं १९७९ पासून आणि ऑस्ट्रेलियानं १९९९ पासून बदललेल्या खुब्यांची नोंद ठेवली आहे, कोणता सांधा किती वर्षांनी परत उघडावा लागला त्याची. ऑस्ट्रेलियाच्या नोंदीत या नव्या प्लास्टिकचे सांधे जुन्यापेक्षा स्पष्टपणे कमी उघडावे लागले. म्हणून कोटेशनवर नुसतं 'प्लास्टिक' लिहिलं असेल तर कोणतं, ते लेखी घ्या. सिरॅमिक क्वचित फुटते, पण फुटलं तर तुकडे काढताना सर्जनचा घाम निघतो. धातूच्या बॉलवर धातूची वाटी कोणी सुचवली तर स्पष्ट नाही म्हणा, त्यातला एक नावाजलेला सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला होता.

साकोली_सून: सरकारनं २०१७ मध्ये किमतीवर मर्यादा आणली आहे, जास्त पैसे देऊ नका. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे त्यानंतरच केले.

मोर्शी_फार्मा: ती मर्यादा गुडघ्यावर आली होती. इथं खुब्याचं चाललं आहे.

साकोली_सून: सांगून ठेवलं, कोणाच्या कामी येईल. गुडघ्याची माहिती हवी असेल तर विचारा.

आरमोरी_पाटील: कापाकापी काहून करता? आमच्या भागात एक वैदू पाला बांधतो, लोक चालत जातात.

ओटी_टेक्निशियन: बसलेला बॉल पाल्यानं परत गोल होत नाही भाऊ. पोराचे आणखी महिने घालवू नका.

खामगावची_ताई: धानपट्टा भाऊ, वय अजून सांगितलंच नाही. आणि धानाच्या भागातले दिसता, सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, तपासणी झाली आहे का?

धानपट्टा: वय २६. सिंदेवाही तालुका. सिकल आहेच, एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. आमच्याकडे कितीतरी घरी आहे, त्यात वेगळं काय सांगायचं.

ओटी_टेक्निशियन: सगळं त्यातच आहे! सिकलमध्ये रक्तपुरवठा तुटून बॉल सुकतो. हाडाची आतली पोकळी कडक हाडानं बुजलेली असू शकते, त्यात नव्या सांध्याचा दांडा बसवताना हाड चिरायची भीती राहते. जंतुसंसर्गाचा धोका जास्त. ऑपरेशनच्या आसपास थंडी, पाण्याची कमतरता किंवा ऑक्सिजन कमी पडला तर क्रायसिस, म्हणजे सिकलच्या जोरदार दुखण्याचा झटका, येऊ शकते. जुन्या काळी सिकलच्या रुग्णांत सिमेंटवाले सांधे लवकर सैल झाल्याचं दिसलं, बिनसिमेंटचे पुढे बरे निघाले. त्यामुळे वर्धेकरांच्या बाबांचा हिशोब इथं लागत नाही.

टिकण्याबद्दल म्हणाल तर २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात मोठा आढावा आला होता: २५ वर्षांनी साधारण ५८ टक्के खुबे टिकून होते. पण ते मुख्यतः संधिवातानं झिजलेल्यांचे, आणि जुन्या सामानाचे. २६ व्या वर्षी बसवलेला सांधा पुढं कधीतरी परत बदलावा लागेल असंच धरून चला. मी तुमच्या जागी असतो तर सिरॅमिकचा बॉल आणि क्रॉसलिंक्ड वाटी मागितली असती, आणि त्याआधी सर्जनला विचारलं असतं की सिकलचे किती खुबे केले.

धानपट्टा: सिकलची हायड्रॉक्सियुरिया गोळी चालू आहे. रक्त चढवायचं वगैरे कोणी बोललं नाही. योजनेत बसते का?

खामगावची_ताई: महात्मा फुले योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला सगळे कागद दाखवा. सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला एकदा विचाराच, हाडाचे आणि रक्ताचे डॉक्टर एकाच ठिकाणी भेटतील. सोमवारी पैसे भरू नका. सिकल २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात आहे, प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा.

मोर्शी_फार्मा: आणि यंदाची रोवणी विसरा. बांधीत पाय पोटरीपर्यंत रुततो, उपसताना आपण वाकून अंग पिळतो. खुबा वाकलेला आणि पाय आत वळलेला, नेमका तेव्हाच नवा बॉल वाटीतून निसटतो. खाली बसून संडासही नको, आधी कमोडची खुर्ची आणून ठेवा.

धानपट्टा: सोमवारचं रद्द करतो. मजूर लावतो, काय करणार. आधी सेवाग्रामला नेतो.

ओटी_टेक्निशियन: ऑपरेशन झालं की सांध्याच्या डब्यावरचे स्टिकर फाईलमध्ये लावून मागा. वीस वर्षांनी उघडायची वेळ आली तर सर्जनला नेमका साइज लागतो, आठवणीवर चालत नाही.

खामगावची_ताई: डाव्या खुब्याचा एमआरआय झाला का? सिकलमध्ये बरेचदा दोन्ही जातात.

धानपट्टा: डावा दुखत नाही. उजव्याचा फक्त एक्स-रे काढला.

खामगावची_ताई: दुखायच्या आधीच काढायचा. बॉल बसायच्या आत सापडला तर हाडात छिद्र पाडून दाब कमी करता येतो, काही जणांचा सांधा त्यानं वाचतो. बसल्यावर त्याचा उपयोग नाही. चिठ्ठीवर दोन्ही खुबे लिहून घ्या.