मदत हवी आहे : ८० माणसांचं, भटजींशिवायचं लग्न. आधी कायद्याचं बघायचं की हॉलचं?

अबोली
नमस्कार. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी दादर-माटुंग्याकडे लग्न करायचं ठरतंय. मुलगी मुलुंडची, मुलगा गिरगावचा. दोघंही हिंदू, जाती वेगळ्या. कन्यादान, मानपान, आहेर काही नको. भटजी नसतील, शपथा आम्हीच मराठीत लिहिणार. अंतरपाट आणि मंगलाष्टकं मात्र दोन्ही आयांना हवीत, आम्हालाही आवडतात. जेवण पंगतीत. अशा लग्नाची नोंदणी कशी होते? आधी काय करायचं? आणि ८० माणसांचा शिधा किती धरायचा?

सोनटक्का
हॉलची अनामत भरण्याआधी लग्न कोणत्या कायद्याखाली लावायचं ते ठरवा, बाकी तारखा त्यावरून निघतात.

हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) कलम ७ नुसार विधी दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे व्हावे लागतात. रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण. विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यावर हिंदू विवाह ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने कन्यादान आवश्यक विधी नसल्याचं सांगितलं. म्हणजे कन्यादान बिनधास्त गाळा, सप्तपदी गाळली तर अडचण. पुरोहिताशिवाय लागणाऱ्या लग्नांसाठी तमिळनाडूत १९६७ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ७अ आहे. महाराष्ट्रात तशी सोय नाही. तुमच्या बेताला विशेष विवाह कायदा (१९५४) बरोबर बसतो.

त्याचं गणित असं. दोघांपैकी एकाने निदान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिलेलं असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे लग्न करणार असल्याची नोटीस द्यायची. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येतं, गिरगाव मुंबई शहर जिल्ह्यात. कुठलाही एक निवडा. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते. १५ डिसेंबरला दिलीत तर साधारण १५ जानेवारी ते १५ मार्च मोकळे मिळतात. ऑक्टोबरातच देऊन मोकळे झालात तर फेब्रुवारी उजाडेपर्यंत ती बाद झालेली असेल. उत्साहाच्या भरात हीच चूक जास्त होते.

सहीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, मूळ ओळखपत्रांसह. आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग किंवा जन्मतारीख जुळत नसेल तर दुरुस्ती आत्ताच सुरू करा; नोटिशीच्या खिडकीवर हे उघड झालं तर महिना हातचा जातो. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हेही घरी आधी सांगून ठेवा.

अबोली
मनापासून आभार. मग रविवारी हॉलमध्ये जे होईल ते नुसतं नाटक वाटेल, असं आईचं म्हणणं आहे.

सोनटक्का
त्यांना वाईट वाटणं स्वाभाविक आहे. कायद्यात वाट आहे : जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना वाजवी अंतरावरच्या ठिकाणी बोलावता येतं आणि लग्न कुठल्याही पद्धतीने लावता येतं. अट एकच. अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करतो, असं दोघांनाही समजणाऱ्या भाषेत म्हणायचं. तुमच्या मराठी शपथांच्या शेवटी ते वाक्य घाला. रविवारी येणं जमेल का, हे नोटीस देतानाच विचारा. नाही जमलं तर शुक्रवारी सही, रविवारी समारंभ.

आणि आईंना हेही सांगा की भटजींशिवायचं लग्न महाराष्ट्राला नवं नाही. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी असं पहिलं लग्न लावलं. फुल्यांनी अशा लग्नांसाठी मराठी मंगलाष्टकं लिहिली. त्यांत वधू-वर एकमेकांना वचन देतात. ती जरूर वाचा, शपथा लिहिताना फार उपयोगी पडतील.

पाटावरवंटा
जेवणाचं मी सांगते. ८० निमंत्रितांना ९० पानं धरा : हॉलची माणसं, फोटोवाले, ऐनवेळचे पाहुणे. वरण-भात, मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड, कोशिंबीर, मठ्ठा एवढं पुष्कळ झालं. साधा भात आणि मसालेभात मिळून तांदूळ ९ किलो, तूरडाळ सव्वादोन किलो, पुऱ्यांना कणीक ११-१२ किलो (किलोला साधारण ४० पुऱ्या, माणशी पाच), श्रीखंड १० किलो, मठ्ठा १६ लिटर.

पंगती ४५-४५ च्या दोन करा. एका पंगतीला वाढपी चार, पाण्याला एक वेगळा. पानं मांडली की मगच कढई तापवायची, दुसऱ्या पंगतीच्या पुऱ्या पुन्हा नव्याने तळायच्या, हे आचाऱ्याला बजावून सांगा. सगळ्या एकदम तळून डब्यात भरल्या की वाफेने चिवट होतात. मसालेभात किंचित फडफडीत असतानाच उतरवायचा. मोठ्या पातेल्यात तो नंतरही शिजत राहतो.

रविवार आहे, तेव्हा लोकलचा मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी मार्ग काही तास बंद) विसरू नका. तो बहुतेक वेळा अकराच्या सुमाराला सुरू होतो. पत्रिकेवर दहाची वेळ छापा, साडेदहाला अंतरपाट धरा. हॉल दादर स्थानकापासून चालत जाण्याजोगा बघा. मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग तिथे मिळतात, एक अडला तर दुसरा असतो.

चाफा
मंगलाष्टकं पाचच ठेवा आणि म्हणणाऱ्यांची नावं आठवडाभर आधी पक्की करा. नाहीतर प्रत्येक मावशी-आत्या स्वतःचं एक घेऊन उभी राहते, आणि तेवढा वेळ आजी-आजोबांना उभं राहणं जड जातं. अक्षतांऐवजी शेवंतीच्या पाकळ्या घ्या, दीड-दोन किलो पुरतात. दारात टोपली ठेवली तर निम्मे लोक न घेताच आत जातात. कागदी पुड्या करून प्रत्येक खुर्चीवर ठेवा. ओल्या पाकळ्यांवरून पाय घसरतो, म्हणून आदल्या रात्री निवडून पसरून ठेवायच्या.