१० सेंमीवरून एनएफसी कार्ड वाचायचंय, आरसी५२२ सोडून कुठली चिप घेऊ?

किटली_ते_क्लाउड
राम राम मंडळी. आमच्या गावच्या दूध संस्थेत (कोल्हापूर साइड) सभासदांसाठी कार्ड सिस्टिम बनवलीय, ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ते नेहमीचं निळं आरसी५२२ एनएफसी रीडर मॉड्यूल, कार्ड टेकवलं की सभासद नंबर स्क्रीनवर येतो आणि वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) त्याच्या खात्यावर पडतं. घरी लाकडी टेबलावर झकास चालत होतं, ३ सेंमीवरून बीप. संस्थेत नेलं आणि सगळी बोंब. तिथं काउंटर स्टीलच्या पत्र्याचं, त्यावर रीडरचा डबा डबल साइड टेपनं चिकटवलाय, आता कार्ड घासलं तरी तीनदा दाखवल्यावर एकदा लागतं. पहाटे साडेपाचला लाइन, माणसाच्या एका हातात किटली, दुसरा हात ओला, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी बंडीच्या खिशात, त्यातून कार्ड बाहेर कोणी काढत नाही, पिशवीच पुढं करतात. सचिव दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले "त्यापेक्षा वही बरी होती की".

मला १० सेंमी पाहिजे. पीएन५३२, पीएन५१८० की एसटी२५आर३९१६? शेवटच्याच्या डेटाशीटला १.६ वॅट लिहिलंय म्हणजे तीच घ्यावी ना? कार्डं मायफेअर क्लासिक आहेत, २१० वाटून झालीत.

जुगाडू_नंबर_वन
भावा कशाला एनएफसीत अडकलास, यूएचएफ (लांबून वाचणारे रेडिओ टॅग) लाव. फास्टॅग बघ गाडी चालू असताना वाचतो.

फेराइट_काका
जुगाडू, फास्टॅग ८६५-८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, तो रीडर काउंटरला लावला तर लाइनीतल्या दहा जणांची कार्डं एकदम वाचेल आणि पाटलांचं दूध कांबळ्यांच्या खात्यावर जाईल, मग संस्थेत भांडणं सोडवायला तू ये. शिवाय यूएचएफ कार्ड अंगाला चिकटलेल्या खिशात असलं की शरीरातलं पाणीच सिग्नल खातं. इथं एनएफसीचं १३.५६ मेगाहर्ट्झच बरोबर आहे.

आता किटलीवाले दादा, राग मानू नका पण तुमचा प्रॉब्लेम चिपचा नाहीच, पत्र्याचा आहे. तुमचंच वाक्य परत वाचा, घरी ३ सेंमी आणि पत्र्यावर शून्य, चिप तीच. अँटेनाच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रानं पत्र्यात भोवरा प्रवाह फिरतात आणि ते उलटं क्षेत्र तयार करतात, वरून अँटेनाचं इंडक्टन्स कमी होऊन ट्यूनिंग पण हलतं. अशा जागी १.६ वॅटची चिप लावून पत्राच गरम कराल. आधी फुकटातला उपाय, डब्याखाली ४-५ सेंमीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि बघा. तेवढी उंची जमत नसेल तर अँटेना आणि पत्र्याच्या मध्ये १३.५६ साठीची फेराइट शीट, साधं काळं रबर नव्हे.

दुसरं, वॅटचा हिशोब. अंतर अँटेनाच्या आकारापेक्षा जास्त झालं की क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं. पॉवर दुप्पट केली तरी क्षेत्र १.४ पटच होतं आणि अंतर वाढतं फक्त १२ टक्के. म्हणून लांब वाचायचं तर अँटेना मोठी लागते, आरसी५२२ ची अँटेना चार सेंमीची, तिच्याकडून १० सेंमी मागणं म्हणजे चमच्यानं विहीर उपसणं.

क्षेत्र कुठपर्यंत पोचतं ते डोळ्यांनी बघायचं असेल तर तांब्याच्या इनॅमल वायरचे कार्डाएवढे पाच-सहा वेढे घ्या, दोन टोकांना एलईडी जोडा आणि रीडरवर धरा. ठोकळा काढून-लावून एलईडी कसा मिणमिणतो बघितलात की माझं एवढं लिहिणं वाचायची पण गरज नाही.

किटली_ते_क्लाउड
काका ठोकळा लावून बघतो. पण समजा पत्रा मिटला, तरी ३ सेंमीच ना? पिशवी आणि बंडी धरून ते कमीच पडणार.

पुस्तकं_आणि_पीसीबी
मी लायब्ररीच्या सिस्टिमवर काम करते, तिथं पुस्तकात आयएसओ १५६९३ (जरा लांबून वाचायचं स्टँडर्ड) वाले आयकोड टॅग असतात, तुम्हाला पण तोच रस्ता सांगेन. मायफेअर म्हणजे आयएसओ १४४४३, त्या कार्डाला जागं व्हायला किमान १.५ अँपिअर पर मीटर क्षेत्र लागतं असं स्टँडर्डच म्हणतं. १५६९३ ला ०.१५, म्हणजे दहावा हिस्सा. डेटा हळू जातो (२६ केबीपीएस, मायफेअर १०६) पण तुम्हाला सभासद नंबरच वाचायचाय, सिनेमा थोडाच उतरवायचाय.

आरसी५२२ आणि पीएन५३२ दोन्ही १५६९३ वाचत नाहीत, त्यामुळे पीएन५३२ वर उडी मारून हाती फार काही लागणार नाही, त्याचा ट्रान्समीटर पण आतून तीनच व्होल्टवर चालतो. पीएन५१८० दोन्ही स्टँडर्ड वाचते, ट्रान्समीटरला ५ व्होल्ट देता येतात आणि २५० मिलीअँपिअरपर्यंत करंट सोडते, तेव्हा सप्लाय दणकट द्या, लॅपटॉपच्या यूएसबीवर टेस्ट करून "चालत नाही" म्हणू नका. एसपीआयच्या (चिप बोर्डाशी बोलते त्या) वायरींच्या जोडीला बिझीची, म्हणजे चिप कामात आहे हे सांगणारी, वायर पण जोडावी लागते, ती विसरून मी एक अख्खा रविवार घालवलाय.

आणि एसटीची चिप घ्यायच्या आधी थांबा, तुमचा नंबर कार्डाच्या सेक्टरमध्ये (कुलूपबंद कप्प्यात) की, म्हणजे किल्ली, लावून लिहिलाय का नुसता यूआयडी (कार्डाचा कारखान्यातला नंबर) वाचता?

किटली_ते_क्लाउड
सेक्टर १ मध्ये, की बदलून. का?

पुस्तकं_आणि_पीसीबी
मग ती नकोच. एसटी२५आर मध्ये मायफेअर क्लासिकचं क्रिप्टो१ (त्या कुलपाची सांकेतिक पद्धत) हार्डवेअरमध्ये नाहीये, ते मायफेअरवाल्या एनएक्सपी कंपनीचं घरचं. यूआयडी मिळेल पण सेक्टर सरळ उघडणार नाही. चिप वाईट नाही हो, पॉवर चांगली आहे, ॲप नोट्स छान आहेत, पण तुमची २१० कार्डं तिच्याशी सहजासहजी बोलणार नाहीत. तसंही क्रिप्टो१ २००८ लाच फुटलंय, त्या कीच्या भरवशावर पैशाचा हिशोब कार्डात ठेवू नका, नंबर कार्डात आणि हिशोब सर्व्हरवर.

किटली_ते_क्लाउड
तीन आठवड्यांनी येतोय, लम्पीच्या लसीकरणाची गडबड होती.

ठोकळा ठेवल्या ठेवल्या आरसी५२२ पत्र्यावर २.५ सेंमीला आला, काका तुम्हाला दंडवत. कोडच्या लायब्ररीतला रिसीव्हर गेन (कार्डाचा सिग्नल किती मोठा करून ऐकायचा ते) डीफॉल्ट ३३ डीबी असतो तो ४८ केला, त्यानं अर्धा सेंमी वाढला असेल. मग पीएन५१८० मागवली. त्याच मायफेअर कार्डाला ५ ते ६ सेंमी, आणि सॅम्पल म्हणून आणलेल्या १० आयकोड कार्डांना ११ सेंमी, पिशवीसकट! अँटेना बोर्डावरचीच, काही बदललं नाही. आता नवीन सभासदांना आयकोड देतोय, जुनी कार्डं हरवतील-तुटतील तशी बदलणार, रीडर दोन्ही आळीपाळीनं शोधतो.

नवीन भानगड अशी की ११ सेंमीवर किटली उचलताना खिशातलं कार्ड परत वाचलं जातं आणि एकाच माणसाची दोनदा नोंद. तेच कार्ड ९० सेकंद दुर्लक्षित करायचं असं टाकलंय, पण दोन गाईंचं दूध वेगवेगळं घालणारे अडकतायत.

फेराइट_काका
वेळेवर नको, काट्यावर बांधा. वजनकाटा शून्यावर आल्याशिवाय पुढचं कार्ड घ्यायचं नाही, तेच कार्ड असलं तरी.

किटली_ते_क्लाउड
हे डोक्यातच आलं नाही! करतो. अजून एक, आमचे एक आजोबा आहेत त्यांचं कार्ड कुठल्याच रीडरला लागेना, दोनदा बदलून दिलं. काल पिशवी उघडून बघितली तर कार्डाला चिकटून बीपीच्या गोळ्यांची ॲल्युमिनियमची पट्टी.