पियानो ट्यूनिंगच्या सामानाला एकच मोठी बॅग नको, आणि वंगणाच्या बाटल्या वेगळ्या ठेवा
‘एकाच मोठ्या बॅगेत सगळं ठेवलं की काही राहून जात नाही’ असं ट्यूनरच्या बॅगेबद्दलच्या या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, पण पटत नाही. नुसत्या ट्यूनिंगला लिव्हर (पिना फिरवायचा पाना), 10-12 रबरी म्यूट (शेजारच्या तारा गप्प ठेवणाऱ्या पाचरी), त्याच कामाची फेल्टची पट्टी, अपराइटसाठी (उभ्या पियानोसाठी) चिमट्यासारखा पॅप्स म्यूट, स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च पुरतं. तारा, सेंटर पिना (पट्ट्यांमागच्या यंत्रणेच्या सांध्यातल्या बारीक पिना), पकडी यांची दुसरी बॅग गाडीत राहू दे.

कप्प्यांवर एवढी चर्चा झाली, बाटल्यांचं मात्र कुणीच लिहिलं नाही. तेलकट वंगण झिरपलं की फेल्टची पट्टी ते शोषून घेते. तीच पट्टी तारांमध्ये खोचली की तेल तारांना लागतं. पिनब्लॉकपर्यंत, म्हणजे ट्यूनिंग पिना ज्यात घट्ट बसवलेल्या असतात त्या लाकडी फळीपर्यंत पोचलं तर त्या पिना सैल पडतात, सूर टिकत नाही. त्यामुळे बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, उभ्याच, फेल्टपासून लांब.